क्लेपोनचे दात आणि रुमियातीचा संशय

सोलो गावच्या कापडबाजारात बू रुमियातीचं दुकान आहे. तिच्या हातात कुणी बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, ठेवलं, की ती आधी ते उलटं करते. पुढची बाजू बघायची तिला घाई नसते. "पुढून काय, सगळेच देखणे," असं पुटपुटत, रंग आरपार उतरलाय की नुसता पुढून छापलाय ते बघायला, ती कापडाची पाठ उजेडाला धरते, अंगठ्याने चोळते, नाकाशी नेऊन मेणाचा वास येतो का बघते. मग ते विकायला आणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे अशी बघत राहते, की खरोखर हाताने रंगवलेलं कापड आणणाऱ्यालाही घाम फुटावा.

ही सवय दुकानापुरती राहिली असती तर बोलायला नको होतं. पण बू रुमियाती अंडीसुद्धा उन्हाला धरून घेते. शेजारीण गोड बोलली की "आता हिला काय हवंय?" असं मनात म्हणते. नवरा मशिदीतून उशिरा आला की त्याची टोपी हुंगून, त्याने वाटेत लवंगाची सिगरेट ओढली की नाही, ते सांगते. तिचा नवरा पाक दार्सोनो निवृत्त शाळामास्तर; इथे बाईला मानाने 'बू' म्हणतात, तसं पुरुषाला 'पाक'. पडवीत होल्याच्या पिंजऱ्याखाली बसून चहा प्यायचा आणि कुणी काहीही म्हटलं तरी "हो, हो" म्हणायचं, हा त्यांचा दिवस.

तसं सोलोत सगळेच "हो, हो" म्हणतात. इथला माणूस समोरच्याला "नाही" म्हणण्यापेक्षा गाव सोडून जाईल. लग्नाला येणार का? हो. उद्या पैसे देणार का? हो. त्या "हो"चा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं कानावर आलं. अशा गावात दर "हो" उलटा करून बघणारी बाई म्हणजे जरा अवघडच. तिची नणंद तुतिक शेजारच्याच घरात राहते. ती चारचौघींत हसत हसत म्हणायची, "आमच्या वहिनींना स्वर्गाच्या दारात उभं केलंत ना, तरी त्या आधी मागचं दार कुठेय ते विचारतील."

"विचारीन की," बू रुमियाती म्हणायची. "तू पुढून जा. मी मागून येते, मग बोलू."

त्यांच्या घरातलं मांजर, क्लेपोन. क्लेपोन म्हणजे पोटात गूळ भरून खोबऱ्यात घोळवलेला तांदळाचा गोळा. हा बोका पिल्लू असताना अगदी तसाच दिसायचा. आता म्हातारा झाला होता आणि त्याच्या तोंडाला सुक्या मासळीच्या टोपलीसारखा वास यायला लागला होता. ताटलीपाशी मोठ्या आशेने जायचा, एक घास घ्यायचा आणि कुणीतरी चावल्यासारखा मान झटकून पळायचा. मग लांबून ताटलीकडेच संशयाने बघत बसायचा.

"बघ, तुझ्यावरच गेलाय," पाक दार्सोनो म्हणाले.

बू रुमियातीला हसू आलं नाही. बोक्याची पाठ हाताला लागायला लागली होती. मणका आणि मणका मोजता यावा इतकी. दात दाखवायला हवेत हे तिला कळत होतं. पण दात म्हटले की भूल आली, आणि भूल म्हटलं की तिला मेनिक आठवायची.

मेनिक क्लेपोनची आई. तिचेही दात असेच बिघडले होते. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी जुने डॉक्टर होते, गावातल्या निम्म्या जनावरांचे ते डॉक्टर. सकाळी मेनिकला त्यांच्याकडे ठेवलं. बोलावणं आलं म्हणून ती, नवरा आणि तुतिक गेले, तर डॉक्टर दारात दोन्ही हात जोडून, मान खाली घालून उभे. "क्षमा करा. तिची वेळ आली होती." पाक दार्सोनोंनी त्यांच्याहून खाली मान घातली. "नाही नाही, आम्हीच तुम्हाला त्रास दिला." तुतिकनेही मान घातली. बू रुमियातीच्या हातात जुन्या सारोंगात, म्हणजे लुंगीत, गुंडाळलेली मेनिक होती आणि घशात प्रश्न होते. किती औषध टोचलंत? ती झोपली तेव्हा तिच्याकडे कोण बघत होतं? पण तिघं तिघं माना घालून उभे असताना ताठ मानेने विचारायचं कसं? प्रश्न घशातच राहिले आणि तिथेच आंबले.

आत टेबलावर तिला चहाचा अर्धा पेला दिसला होता. तेवढ्यावरून तिने उरलेलं सगळं जुळवलं. इंजेक्शन दिलं, मांजर झोपलं, आणि हा बाबा चहा प्यायला बसला. तेव्हापासून ती बाजारात जायला लांबची गल्ली धरायची. दुकानात कुणी त्या डॉक्टरांबद्दल विचारलंच, तर म्हणायची, "चांगले आहेत, असं म्हणतात हो लोक." म्हणायची अशा सुरात, की ऐकणारी बाई मांजर घेऊन दुसऱ्या पेठेत जावी. पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. वय झालं म्हणून, असं लोक म्हणत.

तर क्लेपोनचं काय करायचं? तुतिकनेच खबर आणली. जनावरांचे केस कापणारा एक दुकानदार म्हणे भूल न देता मांडीवर धरून दात खरवडतो आणि मोत्यासारखे करून देतो. भूलच नाही! बू रुमियाती लगेच निघाली. दुकानदाराने नमुना म्हणून आपली स्वतःची मांजरी पुढे केली. दात खरोखर पांढरेशुभ्र.

"बघू," म्हणत बू रुमियातीने मांजरीचा ओठ अंगठ्याने वर केला, आणखी वर केला, आणि दाताच्या मुळाशी हिरडी दाबली. मांजरी किंचाळली. बोटाला रक्त लागलं आणि तोच वास आला, मासळीच्या टोपलीचा.

"हे तर छापलेलं कापड," ती म्हणाली.

"काय म्हणालात, बू?"

"काही नाही. पुढून फार सुरेख आहे," असं म्हणून ती क्लेपोनची टोपली उचलून बाहेर पडली.

मग राहिली ती एकच वाट, नव्या दवाखान्याची. तिथली डॉक्टर तियूर दुसऱ्या बेटावरच्या मेदान शहराकडची, बताक जमातीची. तिकडची माणसं हवापाणी विचारतानासुद्धा भांडल्यासारखी बोलतात. गल्लीतल्या बायका तिला मागे 'वाघीण' म्हणत आणि समोर गेल्या की नेहमीपेक्षा जास्त वाकत. डॉक्टर तियूरने क्लेपोनचं तोंड उघडलं, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, आणि प्रस्तावना न करता सांगितलं, "हिरड्या सडल्यात. काही दात मुळाशी विरघळलेत, ते काढायचे. पूर्ण भूल द्यावी लागेल."

"पण भुलीत धोका नाही ना?" बू रुमियातीने विचारलं. "काळजी करू नका" हे उत्तर येणार, मग ते उलटं करून बघायचं, अशी तिची तयारी होती.

"आहे."

बू रुमियातीने मान वर केली.

"नाही म्हणणारा डॉक्टर भेटला तर आपलं मांजर उचलायचं आणि घरी जायचं," डॉक्टर तियूर म्हणाली. "धोका कमी करता येतो. पुसून नाही टाकता येत. म्हातारा बोका आहे. आधी रक्त तपासू. भुलीचं औषध शेवटी लिव्हर-किडनीलाच निस्तरायचं असतं. त्या थकल्या असतील तर औषध बदलायचं, मात्रा कमी करायची, नाहीतर थांबायचं."

"आणि तो झोपल्यावर त्याच्याकडे कोण बघणार?"

"मी दात बघणार. माझी मदतनीस रिनी त्याचा श्वास बघणार."

"रिनी आणखी काय काय करते तेव्हा?"

"काही नाही."

"फोन वाजला तर?"

"वाजू दे."

"आणि तुम्ही चहाला गेलात तर?"

पाक दार्सोनोंनी डोळे मिटून घेतले. अशी लाज त्यांना लग्नातही वाटली नव्हती. पण डॉक्टर तियूर मोठ्याने हसली, टेबलावर हात आपटून. "बू, तुम्ही नक्की सोलोच्याच का?"

मग तिने आत नेऊन सगळं दाखवलं. पायाच्या शिरेत घालायची सुई, म्हणजे काही बिघडलंच तर औषध द्यायला रस्ता उघडा राहतो. अंगाखाली गरम गादी, कारण भुलीत अंग गार पडत जातं आणि गार पडलेलं जनावर उशिरा उठतं. आणि श्वासनलिकेत घालायची नळी. "झोपेत गिळणं, खोकणं बंद होतं," डॉक्टर म्हणाली. "दात धुतलेलं पाणी, रक्त, सगळं फुफ्फुसात उतरू शकतं. नळी घातली की तो रस्ता बंद. पण नळी आत जाईपर्यंत आणि बाहेर आल्यावर थोडा वेळ तो उघडाच असतो. तेवढ्यात पोटातलं अन्न वर आलं, तर ते सरळ छातीत. म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाता कामा नये. पाणी चालेल. बाकी एक शीतसुद्धा नाही."

बू रुमियाती सगळ्याला मान डोलावत बाहेर आली. नवऱ्याला टोपली धरायला लावून ती मागच्या गल्लीत गेली आणि दवाखान्याची पाठ बघून आली. दोरीवर धुतलेले फडके वाळत होते. पायरीवर ती रिनी नावाची मुलगी जेवत बसली होती. तिच्या मांडीवर डोक्याला पट्टी बांधलेलं एक मांजर झोपलेलं, आणि दर घासाला ती त्याच्या पोटाकडे बघत होती, हलतंय का.

"काय दिसलं?" नवऱ्याने विचारलं.

"अजून काही सांगता येत नाही," ती म्हणाली. पण रक्त काढायला बोका पुढे केला तो तिनेच.

रक्त ठीक निघालं, किडन्या वयाच्या मानाने बऱ्या. दिवस ठरला. आता उपास. क्लेपोनचं एक घर आणि पाच सासुरवाड्या. गल्लीतल्या निम्म्या चुलींपाशी त्याची ताटली. बू रुमियाती दारोदार जाऊन सांगून आली. जी ती म्हणाली, "हो, हो." घरी येऊन तिने बोक्याला कापडाच्या खोलीत घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

सकाळी ती अंघोळीला गेली. जाताना किल्ली नवऱ्याकडे दिली. हे तिच्याकडून कसं झालं ते तिला पुढे कित्येक दिवस कळलं नाही.

दवाखान्यात पाक दार्सोनो टोपली मांडीवर घेऊन बसले. डॉक्टर तियूर आली. "शेवटचं काय खाल्लं, आणि कुणाच्या हातून?"

"उपाशी आहे, डॉक्टर," पाक दार्सोनो वाकून म्हणाले.

"ते नाही विचारलं मी."

बू रुमियातीला ही बाई आवडायला लागली होती. "सांगा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "काल रात्री माझ्या हातून, मऊ भात आणि मासा. त्यानंतर काही नाही."

"हो, हो," पाक दार्सोनो म्हणाले.

एकच "हो" म्हटलं असतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. हा दुहेरी "हो, हो" बू रुमियाती लग्न झाल्यापासून ऐकत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. ते भिंतीवरच्या किड्यांच्या चित्राकडे बघत होते. तिने टोपलीत हात घालून क्लेपोनला बाहेर काढलं. पाठीवर, डोक्यावर काही नव्हतं. मग तिने त्याला सरळ उलटा केला. हनुवटीखालच्या पांढऱ्या केसांत हळदीच्या भाताचं एक पिवळं शीत चिकटलेलं होतं.

तिने ते नखाने सोडवून घेतलं.

"तुमचा हात बघू," ती नवऱ्याला म्हणाली.

"बू, लोक बघतायत."

तिने हात ओढून हुंगला. खोबरं, अंडं, खारा मासा.

"तुतिक!" ती म्हणाली. तुतिक तिथे नव्हती, पण ऐकू गेलं असतं इतक्या जोरात.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं, वर्गात उभं केल्यासारखं. तुतिकने पहाटे उठून क्लेपोनच्या नावाने पिवळा भात केला होता. घरातल्या मुलावर काही संकट असलं की करतात तसाच, भाजी, खोबरं, अंडं, खारा मासा, वर दुवा मागून. केळीच्या पानात बांधून ती घेऊन आली. ज्याच्यासाठी दुवा मागितली त्याने घास घेतला नाही तर दुवा लागणार कशी? "आणि ते खाणं नव्हतं ना," पाक दार्सोनो कळवळून म्हणाले. "खाणं दिलं नाही मी. ती बरकत होती."

"किती बरकत?" डॉक्टर तियूरने विचारलं.

मास्तरांनी सदऱ्याचं बटण चाचपलं.

"किती?" बू रुमियातीने विचारलं.

"अर्धं पान," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "बू, खोबऱ्याच्या दुधात मऊ झाला होता भात. किती दिवसांनी तो असा खात होता. मान न झटकता. मला थांबवता नाही आलं."

डॉक्टर तियूर रागावली नाही. बू रुमियातीला आश्चर्य वाटलं ते त्याचंच. "आज नाही," एवढंच म्हणून तिने क्लेपोनच्या कानामागे खाजवलं. "पोट भरलेलं आहे. आपण थांबू शकतो, मग थांबूच. या गावात मी एकच प्रश्न तीनदा विचारायला शिकले आहे, बू. मेदानला 'खाल्लं का' विचारलं की लोक पदार्थासकट ओरडून सांगतात. इथे सगळी जनावरं उपाशीच येतात, आणि त्यांतली काही टेबलावर ओकतात."

टेबलावर ओकतात. बू रुमियाती टोपलीचं झाकण लावत होती, तिचा हात थांबला.

परतताना दोघं सायकलरिक्षात बसली. गल्लीच्या तोंडाशी जुन्या डॉक्टरांचा बंद दवाखाना लागला. रिक्षावाल्याने वाट विचारली नव्हती आणि तिनेही लांबची गल्ली सांगितली नव्हती. तिने त्या बंद दाराकडे बघितलं. "मेनिकच्या वेळी," ती हळू म्हणाली, "तुतिकने अशीच दुवा मागून लाल-पांढरी खीर केली होती. मी बाजारात जाताना चुलीवर होती."

पाक दार्सोनोंनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिची शिवण बघत राहिले. विचारायची गरजच उरली नाही.

घरी आल्यावर नणंद-भावजयीचं जे व्हायचं ते झालं. "दुवा मागणं गुन्हा झाला का आता?" तुतिक रडत म्हणाली. "तुमची भांडखोर डॉक्टरीण देवापेक्षा मोठी का, वहिनी?"

"नाही. पण देव क्लेपोनच्या घशात नळी नाही घालत," बू रुमियाती म्हणाली. मग तिनेच चहा ओतला, साखर जास्त घालून, आणि तुतिकपुढे सरकवला. "तू भात कर. पहाटे कर, दुवा माग, सगळं कर. फक्त झाकून ठेव. तो उठला, डॉक्टरने सांगितलं, की मग झाकण काढायचं."

"दुवा शिळी होते का अशी?"

"तुझी नाही व्हायची. भरपूर मीठ घालतेस."

दुसऱ्या वेळी किल्ली कमरेलाच राहिली, अंघोळीतसुद्धा. दवाखान्यात डॉक्टर तियूरने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. मग स्वतः बोक्याला उलटा करून हनुवटी बघितली. बू रुमियातीने ते पाहिलं आणि मनातल्या मनात तिला एक पान जास्त वाढलं.

आतल्या खोलीला काच होती. "बसा इथे," डॉक्टर म्हणाली. "यंत्रावरचे आकडे तुम्हाला कळायचे नाहीत. जीभ बघत राहा. गुलाबी हवी."

गुलाबी! आयुष्यभर रंगांत हात बुडवलेल्या बाईला हे सांगायला नको होतं. सुई टोचली, बोक्याचं अंग ओल्या कापडासारखं सैल पडलं. मेनिक अशीच सैल होती, सारोंगात. डॉक्टरने जबडा उघडून नळी आत सरकवली. जीभ एका बाजूला ओढून ठेवली. काचेला नाक लावून बू रुमियाती त्या जिभेकडे बघत राहिली. वाट बघायच्या बाकावरून कुणी बोललं, कुणी चहा विचारला, तिने मान वळवली नाही. आपण मान वळवली आणि नेमकी तेव्हाच रिनीनेही वळवली तर?

रिनीने वळवली नाही. एका हाताची बोटं बोक्याच्या छातीवर, डोळे यंत्रावर. एकदा तिने दुसऱ्या हाताने काहीतरी उचललं. बू रुमियातीने काचेवर नख वाजवलं. रिनीने न बघताच ते उंच करून दाखवलं: थर्मामीटर होता.

दोन दात निघाले, तिसरा अडला. आणि मग यंत्राचा सूर बदलला. बू रुमियाती उठून उभी राहिली. गुलाबीत कुठे राख मिसळतेय का? हो? नाही? मेण उतरताना कापड पळभर असं दिसतं. रिनी काहीतरी बोलली. डॉक्टर तियूरने हत्यार खाली ठेवलं. दात सोडून दिला आणि यंत्राची कळ फिरवली, शिरेतल्या सुईतून काही दिलं, गादीची ऊब वाढवली. दोघी थांबल्या. कुणी घाई केली नाही. बू रुमियातीच्या ओठांवर दुवा आली आणि त्या दुवेतही ती म्हणाली, देवा, तूही जरा बघत राहा हं, दुसरीकडे जाऊ नकोस.

सूर परत लागला. जिभेला आंब्याच्या कोवळ्या पालवीचा रंग आला. डॉक्टरने काचेकडे बघून अंगठा उंचावला आणि पुन्हा दाताकडे वळली.

क्लेपोन उठला तो भेलकांडत, जगावर चिडून. नळी काढल्यावरही रिनी त्याच्याजवळून हलली नाही. त्याने मान धरली, पाय गोळा केले, मग तिने बोलावलं. बू रुमियातीने त्याची जीभ बघितली, अंग बघितलं, पंजे गरम आहेत का बघितलं. मग त्याला उलटा करून शिरेतल्या सुईच्या जागेची पट्टी बघितली.

"सापडलं काही?" डॉक्टर तियूरने विचारलं.

"अजून तरी नाही," बू रुमियाती म्हणाली, आणि मग दारात जाऊन रडली.

घरी तुतिकने झाकण काढलं. गल्लीभर भाताची पानं गेली. संध्याकाळी क्लेपोनने डॉक्टरने सांगितलेलं पातळ खाणं चाटलं, मान न झटकता, आणि होल्याच्या पिंजऱ्याखाली झोपला.

एक पान उरलं होतं. ते घेऊन बू रुमियाती एकटीच निघाली. जुन्या डॉक्टरांचं घर बंद दवाखान्याच्या मागेच आहे. ते अंगणात बसले होते, खूप म्हातारे झालेले. तिला बघून उठायला लागले. तिने पान पुढे केलं.

"क्लेपोनचे दात काढले. भूल दिली होती. उठला," ती म्हणाली.

"फार बरं झालं," ते म्हणाले. "फार बरं."

मग आपल्याकडे अशा वेळी हवापाण्याचं बोलतात. तिने ते टाळलं. "मेनिकला काय झालं होतं, डॉक्टर?"

म्हाताऱ्याने पानाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "ओकली ती," अखेर ते म्हणाले. "पांढरं, गोड वासाचं. खीर असावी. छातीत गेलं. तुम्ही सगळे दारात इतके वाकून उभे होतात. तुमच्याच हातातलं खाऊन गेली, असं कसं सांगायचं मी?" मग म्हणाले, "आणि मीही नळी घातली नव्हती. तेव्हा मांजरांना घालत नव्हतो आम्ही. घातली असती तर वाचली असती की नाही, सांगता येत नाही. ते तरी कसं सांगायचं?"

"सांगायचं होतंत," बू रुमियाती म्हणाली. "मी तुमच्याबद्दल गावभर वाईट बोलले."

"वाईट कुठे? तुम्ही तर मला चांगला म्हणायचात," ते म्हणाले. "ऐकलंय मी. त्या सुरात."

ती खाली बघत राहिली. आतून त्यांच्या बायकोने चहा आणला. बू रुमियातीने पेला हातात घेतला, आणि विचारलं, "त्या दिवशी टेबलावर चहाचा पेला होता. अर्धा. तो कधी प्यायलात?"

जुने डॉक्टर विचार करायला लागले. मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनी मान हलवली.

"आठवत नाही, बू."

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, नेहमीसारखंच, बराच वेळ. "हो" म्हणाले असते किंवा "नाही" म्हणाले असते, तर तिने ते उलटं करून बघितलं असतं. 'आठवत नाही' मात्र दोन्ही बाजूंनी सारखंच होतं. तिने चहा संपवला, गोड होता, आणि म्हणाली, "भात खाऊन घ्या. खारा मासा घातलाय त्यात. तुतिकने मीठ जरा जास्तच टाकलंय."